वीतभर फीत

गणपतीआधीची झाडलोट करायला गेल्या श्रावणात मी आणि धाकटा भाऊ माळ्यावर चढलो, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत अकरा कॅसेटी सापडल्या. देवगड तालुक्यातलं आमचं घर, त्यात माळ्यावरचा दमट काळोख. सात कॅसेटींच्या फितींवर पांढरी बुरशी धरली होती. त्या आम्ही वाजवल्याच नाहीत. उरलेल्या चारांपैकी एकीवर माझ्याच शाळकरी अक्षरात लिहिलेलं होतं, ‘रेडिओवरची, १९८६’. वाडीत एकाकडे अजून चालणारा टेप आहे, तो मागून आणला आणि बटण दाबलं.

गाणं त्या काळात गाजलेलं होतं. ते लागलं, छान वाटलं, पण विशेष काही झालं नाही. हे गाणं मी मधल्या वर्षांत लग्नांत ऐकलंय, एसटीत ऐकलंय, मुंबईला लोकलमध्ये शेजारणीच्या मोबाइलवर ऐकलंय. मात्र गाण्याच्या आधी काहीतरी वाजलं होतं. कुठल्याशा जाहिरातीचं शेपूट. निवेदकाचा अर्धा शब्द, बाईचा गाता आवाज, शेवटचे दोन सूर आणि घंटीसारखा एक टिंग. जेमतेम चार सेकंदं. तेव्हा गाणं भरून घेताना माझं बोट पॉजवरून थोडं आधी सुटलं असणार.

भावाच्या हातातला झाडू तसाच राहिला. ‘ताई, ता साबणाचा गो!’ तो म्हणाला. आणि मला आमची पडवी दिसली. नुसती दिसली नाही. नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा गारवा तळपायांना लागला, खुंटीवरच्या ओल्या घोंगडीचा वास आला, साबणाच्या नव्या वडीचा वास आला, आणि कट्ट्यावर बसलेले काका दिसले, न पेटवलेली विडी बोटांत धरून.

ज्या गाण्यासाठी मी टेपला कान लावून बसायचे त्याने काही परत आणलं नाही. जी जाहिरात चुकवायला मी धडपडत होते तिने अख्खी पडवी आणली. असं का होतं, हे मी नंतर बरंच वाचलं, आणि ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते. जुनी गाणी आणि जुन्या जाहिराती यांची ओढ लागणं म्हणजे वय झाल्याचं लक्षण, एवढ्यावर लोक विषय सोडून देतात. त्यात खूप काही आहे.

आठवण डोक्यात कप्प्यात घडी घालून ठेवलेली नसते. ती कशाला तरी अडकवलेली असते. एखाद्या आवाजाला, वासाला, जागेला. एन्डेल टल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेलं तत्त्व असं, की एखादी गोष्ट मनात साठवली जात असताना जे जे आजूबाजूला असतं ते तिच्या सोबत साठवलं जातं, आणि त्यातलं काही पुन्हा समोर आलं की ती गोष्ट सहज वर येते. १९७५ साली ब्रिटनमधल्या दोघा संशोधकांनी पाणबुड्यांना समुद्राखाली शब्दांची यादी ऐकवली होती. पाण्याखाली ऐकलेले शब्द त्यांना किनाऱ्यावर आल्यावर कमी आठवले, पाण्याखालीच जास्त आठवले. अलीकडे हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा इतका ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण आवाज, वास, जागा या खुणा आठवण वर काढतात, हे मूळ तत्त्व इतर असंख्य प्रयोगांतून टिकलेलं आहे.

आता खुंटीचा विचार करा. एका खुंटीला एकच सदरा अडकवला असेल तर अंधारात हात घातला तरी तोच हाताला येतो. त्याच खुंटीला वीस सदरे अडकवले तर कुठला हाताला येईल सांगता येत नाही, आणि सगळ्यात खालचा तर येतच नाही. गाजलेलं गाणं ही वीस सदऱ्यांची खुंटी आहे. दर लग्नात, दर प्रवासात आपण तिच्यावर आणखी एक आठवण अडकवत गेलो. १९८६ ची पडवी आहे तिथेच, पण सगळ्यात तळाला. जाहिरातीचं तसं झालं नाही. ती वर्ष-दोन वर्षं वाजली आणि कंपनीने काढून घेतली. तिच्या कॅसेटी निघाल्या नाहीत, तिची फर्माईश कोणी पाठवली नाही. त्या खुंटीवर एकच सदरा राहिला.

दुसरी गोष्ट अशी, की आठवण काढली की ती जशीच्या तशी परत आत जात नाही. बाहेर आल्यावर ती काही काळ ओल्या मातीसारखी मऊ असते, तिच्यावर आजचे ठसे उमटतात आणि मग ती पुन्हा घट्ट होते. आवडत्या गाण्याच्या आठवणी आपण इतक्या वेळा बाहेर काढलेल्या असतात की त्यांच्यावर आपल्याच बोटांचे ठसे जास्त. कोणी न हाताळलेल्या जाहिरातीवर ते कमी.

पण चार सेकंदं पुरतात कशी? खरं तर चार सेकंदंही जास्त झाली. कॅरल क्रुमहान्सल या अमेरिकी संशोधिकेने लोकांना गाजलेल्या गाण्यांचे अर्ध्या सेकंदाहूनही लहान तुकडे ऐकवले. तेवढ्यावर अनेकांनी गाणं ओळखलं, आणि गाणं ओळखता आलं नाही तरी ते साधारण कुठल्या दशकातलं हे कित्येकांना सांगता आलं. एवढ्या वेळात चाल नसते, शब्द नसतात. असतो तो फक्त आवाजाचा पोत. त्या दशकाचा पोत तर फारच वेगळा होता. १९८० साली पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा आवाज सिंथेसायझरच्या ठेक्यावर घराघरांत पोचला आणि तबला-ढोलकीवर वाढलेल्या कानांना पहिल्यांदा तो यंत्राचा धप-धप आवाज ऐकू आला. १९८३ साली यामाहाने डीएक्स७ नावाचा कीबोर्ड बाजारात आणला. त्यातले काचेवर टिचकी मारल्यासारखे घंटीचे आवाज जगभरच्या पॉप गाण्यांत आणि जाहिरातींत इतके वापरले गेले, की आज ती एक घंटी त्या दशकाचा शिक्का म्हणून ओळखू येते. आमच्या फितीवरचा टिंग त्याच जातीचा आहे.

आणि आम्ही ती घंटी ऐकली ती कोकणातल्या रेडिओवर. इथे मला जरा थांबायचंय, कारण या किनाऱ्याने आमच्या कानांना जे दिलं ते देशावरच्या माणसाला मिळालं नसणार.

मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीला धरून सरकतात. कोरडी, कातळाची जमीन त्यांना पटापट गिळते. खारं पाणी मात्र विजेचं उत्तम वाहक असल्यामुळे समुद्रावरून त्या कितीतरी लांब जातात. म्हणून किनारपट्टीवर बसलेल्या रेडिओला दूरचं केंद्र आत घाटाच्या पायथ्याशी असलेल्या रेडिओपेक्षा स्वच्छ लागतं. रत्नागिरी, पणजी आणि समुद्र उतरून येणारी मुंबई, ही आमची केंद्रं. दिवस बुडाला की आणखी एक गंमत व्हायची. वर, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर असतो. दिवसा उन्हाने तो विद्युतभारित होतो आणि वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्य गेला की तो विरतो, लहरी त्याच्यावरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून आरशावरून परतावं तशा शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. त्यामुळे रात्री रेडिओवर कुठकुठली केंद्रं गर्दी करायची. वरचा थर स्थिर नसतो, म्हणून आवाज भरतीसारखा यायचा आणि ओहोटीसारखा जायचा. कडव्याच्या मधोमध गायिका लांब जायची आणि ध्रुवपदाला परत यायची. आमच्यासाठी ते गाणं तसंच होतं. आज मोबाइलवर तेच गाणं अगदी स्वच्छ ऐकताना काहीतरी कमी वाटतं, ते हे. खुणेतला अर्धा भाग निघून गेलेला असतो.

शॉर्ट वेव्हवर तर श्रीलंकेहून येणारं रेडिओ सिलोन. आमच्या घरापासून कोलंबो बाराशे-तेराशे किलोमीटर. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने सिनेसंगीताला आवर घातला आणि श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता. बिनाका हे टूथपेस्टचं नाव. म्हणजे देशातला सगळ्यात लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम आपल्या नावातच जाहिरात घेऊन आला होता, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नव्हतं. आकाशवाणीने उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली आणि १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या. गाणं आणि जाहिरात आमच्या पिढीच्या कानात वेगळी शिरलीच नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये बांधावरून चालावं तशी जाहिरात यायची.

सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि आठाच्या ठोक्याआधी शेवटचं गाणं सैगलांचं असायचं. रोज. सैगल १९४७ सालीच वारलेले. आजोबा त्या वेळी चहाची बशी तोंडाला न लावता हातात धरून ठेवायचे. आम्हा पोरांना ते गाणं कंटाळवाणं वाटायचं. आज कळतं, की ज्या दशकासाठी मी हळवी होते त्याच दशकात आजोबा चाळीस वर्षांपूर्वीच्या दशकासाठी हळवे होत होते.

याचंही कारण अभ्यासलं गेलंय. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात. आलेख काढला तर तिथे टेकडीसारखा उंचवटा दिसतो. गाण्यांच्या बाबतीत तो आणखी लवकर, शाळा-कॉलेजच्या वयात येतो. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, आणि आपण कोण हे ठरत असतं, म्हणून तेव्हाचं सगळं खोल रुततं. क्रुमहान्सल यांनीच २०१३ साली विशीतल्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा एक वेगळीच गोष्ट हाती लागली. त्या मुलांचा ओढा स्वतःच्या काळातल्या गाण्यांकडे होताच, पण आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांकडेही होता. घरात वाजत आलेलं मुलांत उतरतं. मला सैगल आता आवडतात. कंटाळून का होईना, बशीच्या बाजूला बसून मी ते ऐकलेले आहेत.

मराठीत या सगळ्याला स्मरणरंजन म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यात रंजन आलं आणि दुखणं राहिलं. नोस्टाल्जिया हा शब्द १६८८ साली बाझेलच्या योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बनवला. ग्रीकमधला नोस्टोस म्हणजे घरी परतणं, आल्गोस म्हणजे वेदना. घरापासून लांब राहिलेल्या स्विस माणसांना, विशेषतः परक्या सैन्यांत चाकरीला गेलेल्यांना जडणारा तो आजार मानला जायचा. अठराव्या शतकात रूसोने आपल्या संगीतकोशात लिहिलंय, की स्विस सैनिकांमध्ये गुराख्यांची एक धून वाजवायला बंदी होती, कारण ती ऐकून सैनिक रडायचे, पळून जायचे. त्याने पुढे फार नेमकी गोष्ट सांगितलीय. त्या धुनेत स्वतःत काही जादू नाही, ती परक्याला ऐकवली तर काही होत नाही. ती तिथे संगीत म्हणून काम करत नाही, आठवणीची खूण म्हणून करते.

चाकरीला गेलेला माणूस आणि गावाकडची धून. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे त्याला चाकरमानी म्हणतात. गिरगाव, परळ, लालबागच्या खोल्यांत राहायचा, वर्षाला दोनदा गावी यायचा, गणपतीला आणि शिमग्याला किंवा मे महिन्यात, आणि येताना टेप, कॅसेटी, साबण घेऊन यायचा. गावची माणसं रेडिओवर मुंबईची जाहिरात ऐकून मुंबईची स्वप्नं बघायची आणि मुंबईत तो डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातल्या, भजनाची कॅसेट लावून गाव आठवायचा. हुरहुर दोन्ही बाजूंना होती. दहावीपर्यंत मी ज्या ज्या वस्तूंची गाणी पाठ म्हणायचे त्यांतल्या निम्म्या आमच्या तिठ्यावरच्या दुकानात कधी आल्या नाहीत. तरी त्यांची आठवण येते. वस्तू वापरलेली नसली तरी तिच्या गाण्याभोवतीचं घर आपलं असतं.

जाहिरातीचं गाणं इतकं का चिकटतं, याचं उत्तर आमच्याकडे गणपतीत मिळतं. रात्री घरोघर आरत्या होतात. एकामागून एक, कधी दहा, कधी पंधरा, आणि ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांत एकाच्याही हातात पुस्तक नसतं. कोणी ठरवून पाठ केलेल्या नसतात. ठेका पक्का, ओळी लहान, शेवटी यमक, ध्रुवपद दर कडव्याला परत, आणि टाळ्या वाजवत सगळ्यांनी एकत्र म्हणायचं. इथे शब्दाला चाल धरून ठेवते आणि चालीला शब्द. एक विसरला तर दुसरा हात देतो. चालीतून शब्द लक्षात राहण्यासाठी चाल वारंवार कानावर पडावी लागते, हेही प्रयोगांत दिसलंय. एकदाच ऐकलेल्या चालीचा तेवढा उपयोग होत नाही.

जाहिरात करणाऱ्यांनी हेच सगळं दहा, वीस, तीस सेकंदांत बसवलं. स्वर शेजारशेजारचे ठेवायचे, म्हणजे गळा नसलेल्यालाही म्हणता येतं. मध्ये एकच अनपेक्षित उडी घ्यायची, म्हणजे कान टवकारतो. वस्तूचं नाव समेवर आणायचं आणि शेवटी षड्जावर येऊन थांबायचं, म्हणजे घरी पोचल्यासारखं वाटतं. आणि मग दिवसातून दहा वेळा वाजवायचं. नुसत्या वारंवार भेटीनेही एखादी गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रयोगांनी दाखवून दिलं होतं. आपल्याकडे ही कामं करणारे साधे गाणारे-वाजवणारे नव्हते. सिनेमा आणि भावगीतांतले पट्टीचे संगीतकार जिंगल करायचे. अशोक पत्कींचं नाव मराठी माणसाला भावगीतांमुळे ठाऊक आहे, पण त्यांनी जाहिरातींच्या चालींचाही ढीग केलाय. एवढ्या थोड्या वेळात मुखडा, वळण आणि शेवट बसवणं हे हलकं काम नाही. मला ते फार आदराचं वाटतं.

(कानात एखादं जुनं गाणं अडकून बसलं आणि सुटत नसेल तर ते शेवटपर्यंत म्हणून टाका. बहुतेक वेळा आपल्याला फक्त तुकडा आठवत असतो आणि मन त्याचं उरलेलं टोक शोधत फिरत राहतं.)

आणखी एक गोष्ट त्या दशकाला मिळाली ती नंतर कोणाला मिळाली नाही. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून होत्या, १९८२ साली, आशियाई खेळांच्या सुमारास, रंग आला, १९८४ साली ‘हम लोग’ या मालिकेने प्रायोजकांना वाट मोकळी करून दिली, आणि हे सगळं एकाच वाहिनीवर. आमच्या वाडीत एकच टीव्ही होता. अँटेना माडाला बांधलेला, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने माडाखाली उभं राहून तो फिरवायचा आणि खळ्यातून सगळ्यांनी ओरडायचं. त्या खळ्यात बसलेल्या चाळीस माणसांना एकाच क्षणी एकच जाहिरात दिसायची. तीच त्या क्षणी सोलापुरात आणि पाटण्यात दिसत असायची. १९९१-९२ पासून खासगी वाहिन्या आल्या आणि वाटा फुटल्या. आता माझ्या भाचीच्या मोबाइलवर येणारी जाहिरात तिच्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर येत नाही. चाळीस वर्षांनी या दोघी एकमेकींना काय गुणगुणून दाखवतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता काकांबद्दल. ते पडवीत दिवसाउजेडी विडी हातात धरून का बसलेले होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पुढारी दत्ता सामंत, मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसं गावी परतली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरं तेव्हा मनीऑर्डरवर चालायची. काका परत आले ते एक ट्रंक आणि एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, घेऊन. ज्या टेपवर मी गाणी भरून घेत होते तो टेप म्हणजे त्यांच्या गिरणीतल्या कमाईतली शेवटची मोठी खरेदी. पोस्टमन यायचा आणि आमच्या घरावरून पुढे जायचा. आई रात्री भातात पाणी वाढवायची. हे सगळं त्याच वर्षांत होतं, त्याच रेडिओच्या आवाजात.

मग त्या चार सेकंदांत मला गारवा आणि साबणाचा वासच का आला, ती तंगी का आली नाही? सुखाच्या आणि दुःखाच्या भावना सारख्या वेगाने फिक्या होत नाहीत. प्रसंग लक्षात राहतो, पण वाईट प्रसंगातली बोच लवकर बोथट होते आणि चांगल्यातली ऊब जास्त टिकते. बहुतेक माणसांत असं होतं आणि ते चांगलंच आहे, नाहीतर जगणं अवघड होईल. पण त्यामुळेच ‘तो काळच चांगला होता’ हे वाक्य जपून म्हणावं. आठवण लख्ख आहे म्हणून ती बरोबर आहे असंही नाही. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उडाल्यावर हवेतच फुटलं. दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतलं. अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. कित्येकांनी वेगळीच हकीकत सांगितली, आणि ठामपणे सांगितली. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद पुढे ठेवला तरी त्यांना तो पटेना.

कंपन्यांना आपली ही ओढ चांगलीच ठाऊक आहे. जुनी जिंगल नव्या गायिकेकडून गाऊन घेतली जाते, जुन्या डब्याचं चित्र परत छापलं जातं. २०१४ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की जुन्या आठवणींत रमलेल्या माणसाची पैशावरची पकड सैल होते. तो देतो जास्त, खर्चतो जास्त. त्याच घराण्यातलं दुसरं संशोधन सांगतं, की जुन्या आठवणींनी एकटेपणा कमी होतो, आपली माणसं आहेत असं वाटतं. दोन्ही एकाच झऱ्यातून येतं. माणसं आहेत असं वाटलं की पैशाची भीती उरत नाही. दुकानात उभं असताना एवढं माहीत असलेलं बरं.

ज्यांच्या माळ्यावर अजून कॅसेटी आहेत त्यांना कळकळीने सांगते. बुरशी दिसली तर वाजवू नका. ती टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. बाकीच्या आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेटोळे सुटतात. नव्वद मिनिटांची फीत साठ मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा. आणि संगणकावर उतरवून घेताना गाण्यांच्या मधलं काही कापू नका. गाणी जगात शंभर ठिकाणी मिळतील. मधलं मिळणार नाही. कॅसेटीत फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. आमची चार सेकंदं म्हणजे एकोणीस सेंटिमीटर, माझी एक वीत.

त्या संध्याकाळी आम्ही ती फीत सहा-सात वेळा मागे घेऊन ऐकली. साबण नक्की कुठला यावरून आमचं जुंपलं. भाऊ एक नाव घेत होता, मी दुसरं. माझ्या नाकात तर त्याचा वासही होता. आई चुलीपाशी होती. बराच वेळ तिने ऐकून घेतलं आणि मग हात पुसत पडवीत आली.

‘खंयचो साबण गो? ती चायपावडरीची.’

आम्ही दोघं एकदम नाही म्हणालो. ती कट्ट्यावर बसली, काका बसायचे तिथेच, आणि पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली. ओळ संपली, दुसरी संपली, आणि शेवटचे दोन सूर अगदी आमच्या फितीतलेच निघाले. घंटीच्या जागी तिने जिभेने टिक् केलं. मग म्हणाली, तेव्हा ती पावडर आपल्याकडे नव्हती, काका आले तेव्हा एकच पुडा आणला होता, तो तिने दिवाळीपर्यंत पुरवला.

भावाने फीत पुन्हा मागे घेतली.